एका चिपची दोन आयुष्ये

11 नोव्हेंबर 2012 रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते 'आकाश-2' या विद्यार्थ्यांसाठीच्या स्वस्त टॅब्लेटचे अनावरण झाले. सरकारला तो नगाला 2,263 रुपयांना पडला होता आणि प्रकल्पाची सूत्रे आयआयटी मुंबईकडे होती. पुढची काही वर्षे 'आकाश'वर जी चर्चा झाली ती किंमत, पुरवठा आणि दर्जा यांभोवती फिरली. टॅब्लेटच्या आत कोणती चिप आहे, हा प्रश्न फार थोड्यांना पडला. ती होती ऑलविनर ए13, कॉर्टेक्स-ए8 गाभ्याची, एक गिगाहर्ट्झची. त्याच वर्षी बल्गेरियातल्या प्लोव्हदिव शहरातल्या ऑलिमेक्स या छोट्या कंपनीने हीच चिप घेऊन ए13-ओलिनक्सिनो नावाचा डेव्हलपमेंट बोर्ड बाजारात आणला. एक तप उलटून गेल्यावर या दोन वस्तूंकडे पाहिले तर फरक डोळ्यांत भरतो. त्या बोर्डाचे वर्णन लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्ये नोंदलेले आहे, त्यामुळे त्यावर नव्या आवृत्त्या चढवता येतात. 'आकाश'चे नाव त्या कर्नलमध्ये कुठेच नाही. माझे म्हणणे असे, की बोर्ड किती जगणार हे त्याच्या किमतीवर किंवा त्यातल्या चिपच्या वेगावर ठरत नाही. त्याचा सपोर्ट मुख्य कर्नलमध्ये पोचला की एखाद्या कंपनीच्या वेगळ्या फांदीवरच राहिला, यावर ते ठरते. आणि हे काम सोलापूरसारख्या शहरात बसून करता येण्याजोगे आहे.

सपोर्ट म्हणजे नेमके काय, हे आधी पाहायला हवे. घरच्या संगणकात कार्ड बसवले की ते कार्ड स्वतःची ओळख सांगते आणि कर्नल त्याला साजेसा ड्रायव्हर जोडतो. आर्म चिपच्या छोट्या बोर्डांवर बहुतेक भाग मुके असतात. कोणत्या पिनला दिवा जोडला आहे, वीजपुरवठा सांभाळणारी चिप कोणत्या बसवर कोणत्या पत्त्यावर आहे, सिरियल कन्सोल कुठून निघतो, हे कर्नलला कुणीतरी सांगावे लागते. 2011पर्यंत ही माहिती प्रत्येक बोर्डासाठी सी भाषेतल्या वेगळ्या फायलीत लिहीत. बोर्ड वाढले, फायली वाढल्या, एकच गोष्ट शंभर ठिकाणी शंभर तऱ्हांनी लिहिली जाऊ लागली. मार्च 2011मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी आर्मच्या या पसाऱ्यावर उघड संताप व्यक्त केला आणि गोष्टी हलल्या. उपाय म्हणून पुढे आला तो डिव्हाइस ट्री. सन आणि पॉवरपीसी यंत्रांवरच्या ओपन फर्मवेअरमधून आलेली ही पद्धत बोर्डाचे वर्णन कर्नलच्या सी कोडबाहेर, साध्या मजकुराच्या फायलीत ठेवते. सोलापुरात हे समजावून सांगायला दूर जायला नको: जकार्डच्या मागावर माग तोच राहतो आणि छिद्रांच्या कार्डांची माळ बदलली की चादरीची नक्षी बदलते, तसा कर्नल एकच राहतो आणि वर्णनाची फाइल बदलली की बोर्ड बदलतो. डिसेंबर 2012मध्ये आलेल्या लिनक्स 3.7मध्ये एकच कर्नल अनेक कुळांतल्या आर्म चिपांवर चालवण्याची सोय झाली. 'आकाश-2'च्या अनावरणानंतर एक महिनाही झाला नव्हता.

म्हणजे 'आकाश-2' आला तेव्हा रस्ता नुकताच बांधला जात होता, हे मान्य करायला हवे. ऑलविनरची स्वतःची पद्धत निराळी होती. बोर्डाचे वर्णन ती कंपनीही वेगळ्या फाइलीतच ठेवी, पण 'स्क्रिप्ट डॉट बिन' या स्वतःच्याच साच्यात, आणि ते वाचणारा कर्नलही कंपनीनेच बदललेला. अँड्रॉइड 4.0सोबत दिलेला तो कर्नल 3.0 मालिकेतला होता. आयआयटी मुंबईतल्या गटाने या मर्यादेत जे केले ते मोलाचे होते. ए13च्या आत कायमचा कोरलेला जो पहिला प्रोग्रॅम असतो तो टॅब्लेटच्या आतल्या साठ्याकडे जाण्याआधी मायक्रोएसडी कार्ड तपासतो. कार्डाच्या सुरुवातीपासून 8 किलोबाइटवर बूटलोडरचा पहिला तुकडा सापडला की तो उचलतो. तो तुकडा मेमरी जागी करतो, मग पुरता बूटलोडर येतो, तो पहिल्या विभाजनातून वर्णनाची फाइल आणि कर्नल वाचतो आणि लिनक्स उभी राहते. आतल्या अँड्रॉइडला धक्काही लागत नाही. कार्ड काढले की टॅब्लेट पूर्ववत. या वाटेने 'आकाश'वर पुरती लिनक्स चालवली गेली आणि तिचे काम सर्वांसाठी खुले ठेवले गेले. विद्यार्थ्याला दोन-सव्वादोन हजारांच्या यंत्रावर सायलॅब आणि पायथन मिळणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

पण पायाखालचा कर्नल वेगळ्या फांदीवरचा होता. 3.0 मालिकेची दीर्घ मुदतीची देखभाल ऑक्टोबर 2013मध्ये संपली, अनावरणाला वर्ष व्हायच्या आत. त्यानंतर सापडलेली सुरक्षेतली प्रत्येक फट ज्याची त्याने बुजवायची होती. मार्च 2015मध्ये 'आकाश' प्रकल्पच बंद झाला आणि फांदीला पाणी घालणारे कुणी उरले नाही. ज्यांनी टॅब्लेट वापरले त्यांचा यात काही दोष नाही, आणि ज्यांनी त्यावर लिनक्स चालवली त्यांचा तर मुळीच नाही. खरेदीचा सगळा विचार नगाच्या किमतीभोवती बांधला गेला. या यंत्राचा सपोर्ट मुख्य कर्नलमध्ये नेऊन द्या, ही अपेक्षा सार्वजनिक चर्चेत कधी उमटलीच नाही, ही खरी उणीव.

दुसऱ्या बाजूला ओलिनक्सिनोचे काय झाले? ऑलिमेक्सने बोर्डाची सर्किट आकृती खुली केली. त्यामुळे कोणती पिन कुठे जाते हे अंदाजाने शोधायची गरज उरली नाही. फ्रान्समधल्या फ्री इलेक्ट्रॉन्स या कंपनीतले (आज तिचे नाव बूटलिन) माक्सीम रिपार यांनी ए10 आणि ए13चा प्राथमिक सपोर्ट मुख्य कर्नलकडे पाठवला आणि तो फेब्रुवारी 2013च्या 3.8 आवृत्तीत दाखल झाला. तेव्हा त्यात फार काही नव्हते: घड्याळ, इंटरप्ट, पिना, सिरियल कन्सोलवर उमटणारा मजकूर. एसडी कार्डाचा ड्रायव्हर 2014च्या 3.16मध्ये आला. पडद्यावर चित्र काढणारा ड्रायव्हर 2016च्या 4.7मध्ये. ग्राफिक्ससाठी माली-400चा खुला ड्रायव्हर तर 2019च्या 5.2मध्ये. यातले पुष्कळ काम रेड हॅटचे हान्स द खुदे यांच्यासारख्यांनी फावल्या वेळात केले. ओलिनक्सिनोच्या वर्णनाच्या फाइलीत आज पाहिले तर हिरवा दिवा जी गटातल्या नवव्या पिनवर, वीज सांभाळणारी एएक्सपी209 चिप पहिल्या आय-टू-सी बसवर 34 या पत्त्यावर, असे एकेक ओळीत लिहिलेले दिसते. वाचायला शाळकरी मुलालाही जड जाऊ नये इतके ते सरळ आहे, आणि बोर्डाचे आयुष्य त्या ओळींवर तोलले गेले आहे.

एवढ्यावर कुणी म्हणेल, की हा दैवयोग. ऑलिमेक्स जगली म्हणून बोर्ड जगला. म्हणून तिसरे उदाहरण पाहावे लागते. 2015मध्ये अमेरिकेतल्या नेक्स्ट थिंग या कंपनीने ए13चेच भावंड असलेल्या आर8 चिपवर 'चिप' नावाचा नऊ डॉलरचा संगणक जाहीर केला आणि मुख्य कर्नलमधल्या कामासाठी फ्री इलेक्ट्रॉन्सला पैसे मोजले. 2018मध्ये ही कंपनी बुडाली. तिच्या बोर्डाचे वर्णन मात्र कर्नलमध्ये कायम राहिले आणि कंपनीमागे त्याची देखभाल थांबली नाही. या उदाहरणात एक बोचरी बाजूही आहे. त्या बोर्डावरचा एमएलसी जातीचा फ्लॅश साठा विश्वासाने वापरता येईल असा मुख्य कर्नलमध्ये कधीच झाला नाही. 2018मध्ये कर्नलच्या साठवण विभागाने तसल्या फ्लॅशवर काम करायलाच नकार देणारी अट घातली. मुख्य कर्नलमध्ये पोचले म्हणजे सगळे साधले, असा दावा म्हणूनच करता येत नाही. मालक गेल्यावरही जे साधले ते टिकते, एवढाच दावा करता येतो आणि तो पुरेसा मोठा आहे.

सर्वांत वजनदार आक्षेप वेगाचा आहे. पडद्याचा ड्रायव्हर 2016मध्ये येणार असेल तर 2012च्या टॅब्लेटला त्याचा काय उपयोग? प्रश्न रास्त आहे. त्या वर्षी शाळा-कॉलेजांत वाटायच्या यंत्रासाठी कंपनीचाच कर्नल वापरण्यावाचून इलाज नव्हता. पण ती चार वर्षे ए13 या चिपची होती, बोर्डाची नव्हती. चिप एकदा आत आली की तिच्यावरच्या पुढच्या प्रत्येक बोर्डासाठी बहुधा वर्णनाची एक फाइल पुरते. ए13वरच्या क्यू8 या स्वस्त चिनी टॅब्लेट-साच्याची, पॉकेटबुकच्या ई-वाचकांची वर्णने तशीच नंतर येऊन बसली. शिवाय दोन्ही गोष्टी एकत्र करता येतात: आज विकायला कंपनीचा कर्नल, आणि त्याच वेळी मुख्य कर्नलकडे पॅच. यातली दुसरी कधीच सुरू होत नाही, दुखणे तिथे आहे.

दुसरा आक्षेप असा, की मुख्य कर्नलही जुने बोर्ड टाकून देतो. देतो हे खरे. एप्रिल 2023च्या 6.3 आवृत्तीत जुन्या पद्धतीच्या आर्म बोर्ड-फायलींचा मोठा ढिगारा हटवला गेला. पण तो हटवण्याआधी कुणी वापरत आहे का अशी विचारणा झाली होती, आणि गेले ते मुख्यतः सी भाषेतले जुने वर्णन, डिव्हाइस ट्रीतले नव्हे. वापरणारा एक माणूस उभा राहिला तरी बोर्ड वाचू शकतो. कंपनीच्या फांदीवर अशी विचारणा होत नाही. एके दिवशी नवी आवृत्ती येणे थांबते. त्यातच 2023मध्ये कर्नलच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्त्यांची देखभाल सहा वर्षांवरून दोन वर्षांवर आणण्याचा निर्णय जाहीर झाला. जुन्या आवृत्तीला धरून बसण्याची मुभा त्यामुळे आणखी आखडली.

तिसरा आक्षेप सोलापूरचा आहे आणि तो मनापासून विचारला जातो. हे काम चिप बनवणाऱ्यांचे, फार तर पुण्या-बंगळुरातल्या कंपन्यांचे. सोलापूरच्या पोरांनी त्यात का पडावे? आधी एक आकडा. 2011च्या जनगणनेत सोलापूर शहराची लोकसंख्या साडेनऊ लाखांच्या वर होती. ऑलिमेक्सचे प्लोव्हदिव त्याच्या निम्म्याहूनही लहान आहे आणि देशाची राजधानीही नाही. तिथल्या एका छोट्या कंपनीने आकृती खुली केली म्हणून जगभरच्या माणसांना त्या बोर्डावर हात चालवता आला. कर्नल सुरू करून देणाऱ्या यू-बूट या बूटलोडरमध्ये ऑलविनर विभागाची देखभाल काही वर्षे जगन टेकी या भारतीयाकडे होती. या कामात पत्ता विचारला जात नाही, पॅच पाहिला जातो.

सोलापूरला याची गरज आहे का, हा याच आक्षेपाचा उरलेला भाग. 1983मध्ये मिलान इथल्या यंत्रप्रदर्शनात बोनास कंपनीने पहिले इलेक्ट्रॉनिक जकार्ड मांडले. त्याच वर्षी सोलापुरात वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी सुरू झाली. तेव्हापासून नक्षी कार्डांतून फाइलीत गेली आणि मागाशेजारी कंट्रोलर आला. चादर आणि टेरी टॉवेल विणणारा माग दोन-तीन दशके चालवायचा असतो. कंट्रोलर पुरवणारी कंपनी तेवढी टिकेलच असे नाही. दिवा लावणे, मोटर थांबवणे एवढ्यासाठी साधा मायक्रोकंट्रोलर पुरतो आणि तिथे लिनक्सचा हट्ट धरू नये. पण पडदा, नेटवर्क, नक्षीच्या फायली आणि उत्पादनाची नोंद एकाच डब्यात आली की तो डबा म्हणजे छोटा लिनक्स बोर्डच असतो. वीस वर्षे चालणाऱ्या मागाला दोन वर्षे जगणाऱ्या कर्नलची जोड देणे हा कारखानदाराचा तोटा आहे, आणि खरेदीच्या वेळी हा प्रश्न विचारणारा माणूस त्याला गावातच मिळायला हवा.

तो माणूस घडतो कुठे? आज या विषयाची ओढ असलेला विद्यार्थी हुतात्मा एक्स्प्रेस धरून पुण्याला जातो, सी-डॅकचा एम्बेडेड सिस्टिमचा पदविका अभ्यासक्रम करतो, ड्रायव्हर लिहायला शिकतो आणि बहुधा तिकडेच राहतो. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांत आपण तयार बोर्डावर सेन्सर जोडतो, मोबाइलवर तापमान दाखवतो आणि अहवाल बांधून कपाटात ठेवतो. त्याऐवजी प्रयोगशाळेत पडलेला, कर्नलला अनोळखी असलेला पण ओळखीच्या चिपवरचा एक बोर्ड घ्यावा. मल्टिमीटर आणि सर्किट आकृती घेऊन त्याच्या पिना लावाव्यात, सिरियल कन्सोलवर पहिला मजकूर उमटवावा, वर्णनाची फाइल लिहावी, कर्नलसोबतच येणाऱ्या तपासणीतून ती निर्दोष करून घ्यावी आणि त्या विभागाच्या मेंटेनरला साध्या मजकुराच्या ईमेलने पाठवावी. पहिल्या खेपेला चुका निघतील. दुसरी, तिसरी आवृत्ती पाठवावी लागेल. कर्नलची नवी आवृत्ती साधारण नऊ-दहा आठवड्यांनी येते, म्हणजे एका सत्रात किमान एक संधी सापडते. परीक्षकाला गुण देण्यासाठी अहवालाच्या जाडीपेक्षा भक्कम पुरावा मिळेल: विद्यार्थ्याचे नाव, पॅचची तारीख आणि तो तपासणाऱ्या अनोळखी जाणकाराचे शेरे.

केंद्र सरकारने एप्रिल 2022मध्ये देशी रिस्क-फाइव्ह चिपांसाठी डीआयआर-व्ही हा कार्यक्रम जाहीर केला. रिस्क-फाइव्ह मुख्य कर्नलमध्ये जानेवारी 2018च्या 4.15 आवृत्तीपासून आहे आणि अशा बोर्डांचे वर्णनही डिव्हाइस ट्रीतच लिहिले जाते. त्या चिपांचे बोर्ड कॉलेजांत पोचतील तेव्हा त्यांच्या खरेदीपत्रात किमतीच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना असावा: मुख्य कर्नलच्या कोणत्या आवृत्तीपासून हा बोर्ड चालतो. तो रिकामा असेल तर भरायचे काम कुणाकडे, तेही त्याच कागदावर लिहिलेले असावे.