झाकलेल्या परातीत यीस्ट गुदमरत नाही का?

आमच्या बचत गटात पाव-बिस्किटांचं प्रशिक्षण चालू होतं. मैदा मळून झाला, गोळा परातीत ठेवला, त्यावर ओलं फडकं टाकलं आणि वर ताट झाकलं. तेवढ्यात मागच्या रांगेतल्या एका मावशींनी विचारलं, "ताई, यीस्ट जिवंत असतं म्हणता ना? मग असं कोंडून घातल्यावर ते गुदमरत नाही होय?"

सगळ्या जणी हसल्या. मीही हसले, पण उत्तर काही देता येईना. आम्ही पडलो आर्ट्सवाले! घरी आल्यावर सूक्ष्मजीवशास्त्र शिकणाऱ्या पुतणीला विचारलं. ती म्हणाली, "काकू, मावशींचा प्रश्न अगदी बरोबर आहे. यावर शास्त्रज्ञांनी दीडशे वर्षं डोकं खपवलंय!" मग तिनं जे सांगितलं ते ऐकून मी थक्कच झाले. मैत्रिणींनो, तेच आज तुम्हाला सांगावंसं वाटतंय.

यीस्ट म्हणजे एकाच पेशीची बुरशी. तिला जगण्याचे दोन रस्ते येतात. हवा असेल तर ती आपल्यासारखीच ऑक्सिजन वापरून साखर पूर्ण जाळते. हे झालं श्वसन. हवा नसेल तर साखर अर्धवट मोडून अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड वायू सोडते. हे झालं आंबवणं. आपला पाव फुगतो तो या वायूमुळे. गोव्यातले जुने पोदेर माडाची सूर घालून पाव फुगवायचे, त्यातही हेच यीस्ट असायचं. आंबवण्यात तेवढ्याच साखरेतून ऊर्जा मात्र फार थोडी मिळते. श्वसनात तिच्या कितीतरी पट मिळते. हवा मिळाली की यीस्ट आंबवणं कमी करतं आणि जोमानं वाढतं, हे लुई पाश्चरनं 1861 साली दाखवून दिलं.

यात यीस्टची एक खोडही आहे. साखर भरपूर असली की ते हवा असतानाही आंबवतच बसतं. म्हणून यीस्टच्या कारखान्यात टाकीत जोरानं हवा सोडतात आणि उसाच्या मळीतली साखर थोडी थोडी करून देतात. मग ते श्वसन करतं आणि भराभर वाढतं.

पण हवा आहे की नाही, हे त्या डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवाला कळतं कसं? खरी गंमत इथेच आहे.

केंब्रिजमध्ये डेव्हिड केलिन नावाचे संशोधक होते. यीस्टमधून आलेला प्रकाश ते खास उपकरणातून बघत, तेव्हा त्यांना काळ्या पट्ट्या दिसत. यीस्ट हवेत हलवलं की पट्ट्या नाहीशा व्हायच्या, स्वस्थ ठेवलं की परत यायच्या. 1925 साली त्यांनी या पट्ट्यांमागच्या रंगद्रव्यांना सायटोक्रोम हे नाव दिलं. श्वसनाचं काम करणारी यंत्रणा याच सायटोक्रोमची. पुढे फ्रान्समध्ये एफ्रुसी आणि स्लोनिम्स्की यांनी बेकरीतल्याच यीस्टवर काम केलं आणि 1950 साली ते प्रसिद्ध केलं. हवेशिवाय वाढवलेल्या यीस्टमध्ये ही यंत्रणा तयारच नसते, हवा दिली की ते ती नव्यानं बनवतं, असं त्यांना आढळलं. वापर नाही तर बनवायचंही नाही. केवढी काटकसर!

यीस्टमध्ये जवळजवळ 6,000 जनुकं असतात. जनुक म्हणजे एखादा पदार्थ कसा करायचा याची लिहिलेली कृती. सगळ्या कृती वहीत असतात, पण आपण रोज सगळंच थोडं रांधतो? आज कोणती कृती काढायची, हे यीस्टमध्ये 'हीम' नावाचा एक छोटा पदार्थ ठरवतो. हीमच्या मधोमध लोहाचा एक अणू असतो, आणि हीम तयार करताना एका टप्प्यावर ऑक्सिजन लागतोच. म्हणजे हवा असेल तर हीम भरपूर, हवा नसेल तर हीमचा तुटवडा.

हीम भरपूर असलं की 'हॅप-1' नावाचं प्रथिन जागं होतं आणि श्वसनाच्या एन्झाइमांची जनुकं चालू करतं. तेच 'रॉक्स-1' नावाच्या दुसऱ्या प्रथिनाचं जनुकही चालू करतं. या रॉक्सचं काम म्हणजे हवेच्या टंचाईत लागणाऱ्या जनुकांवर झाकण ठेवणं. हवा संपत आली की हीम घटतं, हॅप थंडावतं, रॉक्स ओसरतं आणि झाकण निघतं. मग टंचाईची जनुकं कामाला लागतात. श्वसनाच्या शेवटच्या एन्झाइमचा एक भाग तर यीस्ट दोन प्रकारे बनवतं, एक भरपूर हवेसाठी आणि एक कमी हवेसाठी. कमी हवेतला भाग बसवला की ते एन्झाइम जास्त वेगानं काम करतं. उरलासुरला ऑक्सिजनही वाया जात नाही.

पुढच्या वर्गात मी मावशींना सांगितलं, "मावशी, ते गुदमरत नाही. ते कामाची पद्धत बदलतं." मावशी म्हणाल्या, "बरंय की त्याचं! आपल्याला कुठं असं जमतं?" आणि परत मळायला बसल्या. दोन-चार हात मारले की थांबत होत्या, धापा टाकत होत्या. "वयामुळं होतंय," म्हणाल्या. वय अवघं पंचेचाळीस!

पुतणीचं बोलणं माझ्या डोक्यात होतंच. यीस्टमधलं हे हीम आपल्या रक्तातही आहे. हिमोग्लोबिनमधलं 'हीम' ते हेच. आपल्या पेशींमधल्या सायटोक्रोममध्येही तेच असतं. माणसाच्या पेशींनाही ऑक्सिजन कमी झाल्याचं कळतं, ते कसं हे शोधणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना 2019 साली नोबेल मिळालं. आपली प्रथिनं यीस्टपेक्षा वेगळी आहेत. आणि एक मोठा फरक आहे. यीस्टला हवेविना जगायचा दुसरा रस्ता आहे, आपल्याला नाही. आपल्याला लोह हवं, हीम हवं आणि ऑक्सिजन हवाच.

गटात आम्ही रक्ततपासणी ठेवली. मावशींचं हिमोग्लोबिन निघालं 8.2. बाईचं निदान 12 तरी हवं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायकांमध्ये रक्तक्षय आढळला होता. म्हणजे दर दोघींत एकीहून जास्त! आणि आपण म्हणत राहतो, "थकवा काय, असतोच."

मावशींना डॉक्टरांकडे नेलं. पाळीत फार रक्त जात होतं, हे त्यांनी तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं. त्यावर उपचार आणि लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. या गोळ्या सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. जेवणात लिंबू पिळायचं आणि जेवणावर लगेच चहा घ्यायचा नाही, एवढं पथ्य त्या पाळतात. रक्तक्षयाची कारणं इतरही असतात, म्हणून मनानं गोळ्या न घेता आधी तपासणी करावी.

तीन महिन्यांनी मावशींनी सगळा गोळा एका दमात मळला. ताट झाकता झाकता म्हणाल्या, "हे नाही गुदमरत. मीच गुदमरत होते बघा, ताई."