दीर्घ व एकसुरी वाहनप्रवासातील मानसिक थकवा आणि चालकाची सतर्कता : वसई-विरार परिसरातील शैक्षणिक सहलींच्या संदर्भात

प्रस्तावना

महाविद्यालयीन शैक्षणिक सहलीची बस अनेकदा रात्री निघते. मुक्कामाच्या एका रात्रीचा खर्च वाचावा आणि विद्यार्थी सकाळीच वेरूळ-अजिंठ्यास पोहोचावेत, हा त्यामागील हेतू असतो. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा 5 जून 2025 रोजी खुला झाला आणि मुंबई-नागपूर हा 701 किलोमीटरचा मार्ग पूर्ण झाला. वसई-विरारच्या प्रवाशास चिंचोटी, कामण, भिवंडी या मार्गाने तेथे जाता येते. प्रवासाचा वेळ यामुळे निश्चितच कमी झाला. तथापि चालकाच्या मनावरील भार कमी झाला, असे म्हणता येत नाही. या भाराचे स्वरूप कोणते, चालकास तो स्वतःस का ओळखता येत नाही आणि सहलीचे नियोजन करणाऱ्या प्राध्यापकांनी त्यावरून काय ठरवावे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

थकव्याचे दोन प्रकार

डेसमंड व हॅनकॉक या अभ्यासकांनी 2001 मध्ये वाहनचालकाच्या थकव्याचे सक्रिय आणि निष्क्रिय असे दोन प्रकार मांडले. वर्सोवा पुलापासून विरार फाट्यापर्यंतच्या राष्ट्रीय महामार्गावर वाहतूक तुंबलेली असताना चालकास क्षणोक्षणी ब्रेक, क्लच आणि आरसे यांकडे लक्ष द्यावे लागते. सततच्या या मागणीतून येणारा थकवा तो सक्रिय थकवा होय. याउलट मोकळ्या, सरळ, वळणे व चौक नसलेल्या मार्गावर चालकास करण्याजोगे फारसे काही उरत नाही. केवळ पाहत राहावे लागते. कामाची मागणी घटल्यामुळे सतर्कता मंदावते, तो निष्क्रिय थकवा होय. वसईहून निघालेल्या बसचा चालक कोंडीतून बाहेर पडताना पहिल्या प्रकारचा थकवा घेऊन निघतो आणि द्रुतगती मार्गावर त्यात दुसऱ्याची भर पडते. कोंडी सुटल्यावर वाटणारा हायसेपणा म्हणजे विश्रांती नव्हे, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

एकसुरीपणा आणि अवधान

एकसुऱ्या कामात अवधान किती काळ टिकते, याचा पद्धतशीर अभ्यास ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ नॉर्मन मॅकवर्थ यांनी केला. दुसऱ्या महायुद्धात रडारच्या पडद्यावर तासन्तास नजर ठेवणाऱ्यांकडून खुणा का निसटतात, हा त्यामागील प्रश्न होता. घड्याळासारख्या तबकडीवरील काटा क्वचित दुप्पट उडी घेई. ती उडी टिपावयाची, एवढेच काम प्रयोगातील व्यक्तींना दोन तास करावयाचे होते. 1948 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पहिल्या अर्ध्या तासानंतरच चुकांचे प्रमाण लक्षणीयरीत्या वाढले. अर्ध्या तासाचे काम आणि अर्ध्या तासाची विश्रांती असा क्रम ठेवल्यास मात्र ही घसरण टळत असे.

रस्त्यावर याच्याशी मिळतीजुळती अवस्था ‘महामार्ग संमोहन’ या नावाने ओळखली जाते. जी. डब्ल्यू. विल्यम्स यांनी 1963 मध्ये या कल्पनेचे विवेचन केले. चालकाचे डोळे उघडे असतात, हात चाकावर असतात, परंतु मागील काही किलोमीटर कसे पार पडले हे त्यास आठवत नाही. समृद्धी महामार्गावरील अपघातांच्या संदर्भात नागपूरच्या विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेच्या अभ्यासकांनीही 2023 मध्ये या संमोहनाकडे लक्ष वेधले होते.

रात्रीची वेळ

एकसुऱ्या मार्गास निद्रेची जोड मिळाली की धोका वाढतो. शरीराच्या दैनिक लयीनुसार झोपेची ओढ साधारणतः पहाटे दोन ते सहा या वेळेत सर्वाधिक असते. दुपारी दोन ते चारच्या सुमारास ती पुन्हा काहीशी वाढते. रात्री दहास वसईहून निघालेली बस नेमक्या पहिल्या काळातच समृद्धी महामार्गावर असते. 1 जुलै 2023 रोजी मध्यरात्रीनंतर बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजानजीक याच महामार्गावर खासगी प्रवासी बसला अपघात होऊन 25 प्रवासी मृत्युमुखी पडले. त्याच्या कारणांविषयी भिन्न मते व्यक्त झाली. त्यामुळे केवळ या अपघातावरून निष्कर्ष काढणे उचित नव्हे. तथापि रात्रीच्या लांब प्रवासाचा प्रश्न त्यानंतर ऐरणीवर आला.

तासाला 100 किलोमीटर वेगाने जाणारे वाहन सेकंदाला सुमारे 28 मीटर अंतर कापते. चार सेकंदांची सूक्ष्मनिद्रा म्हणजे चालकाविना धावलेले 110 मीटर होत. अशी डुलकी लागून गेल्याचे चालकास पुष्कळदा कळतही नाही, कारण आपण किती सावध आहोत हे ठरविणारा मेंदूच थकलेला असतो. ‘मला झोप येत नाही’ हे चालकाचे उत्तर प्रामाणिक असूनही म्हणूनच पुरेसे ठरत नाही.

डॉसन व रीड यांच्या 1997 च्या प्रयोगात सलग 17 तास जागे राहिलेल्या व्यक्तींची कार्यक्षमता 100 मिलिलिटर रक्तात 50 मिलिग्रॅम मद्यार्क असताना होते तितकी खालावल्याचे आढळले. भारतीय मोटार वाहन कायद्यात ही मर्यादा 30 मिलिग्रॅम आहे. सकाळी सहास उठलेल्या चालकाचे 17 तास रात्री अकरास पूर्ण होतात. तेव्हा सहलीची बस जेमतेम भिवंडीच्या आसपास असते.

उपायांची परीक्षा

खिडकी उघडणे, गाणी लावणे, चालकाशी गप्पा मारणे हे रूढ उपाय होत. इंग्लंडमधील रेनर व हॉर्न यांनी थंड वारा आणि रेडिओ यांचा परिणाम तपासला असता तो अल्पकाळच टिकतो, असे दिसून आले. कॉफी घेऊन लगेच पंधरा मिनिटे झोपणे त्यांच्या प्रयोगांत अधिक उपयुक्त ठरले. कॅफिनचा परिणाम दिसू लागेपर्यंत डुलकीही पूर्ण होते. मात्र हाही तात्पुरता आधार होय. रात्रीच्या झोपेची जागा तो घेऊ शकत नाही. मोटार वाहतूक कामगार अधिनियम, 1961 ने दिवसाला 8 तास काम आणि 5 तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती हे तत्त्व मान्य केले होते.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, सतर्कता हा केवळ चालकाच्या निर्धाराचा विषय नसून मार्ग, वेळ आणि झोप यांचा एकत्रित परिणाम आहे. आणि या तिन्ही गोष्टी प्रवास सुरू होण्यापूर्वीच ठरलेल्या असतात. सहलीची बस पहाटे सहानंतर निघावी, दर दोन तासांनी थांबावी आणि रात्रीचा प्रवास अटळ असल्यास पुरेशी झोप घेतलेला दुसरा चालक सोबत असावा. ठेकेदाराकडून बस ठरविताना भाड्याबरोबरच आदल्या दिवशी चालक कोठे व किती वेळ गाडी चालवीत होता, हे विचारणे आवश्यक आहे. विद्यार्थी दिवसभर लेणी पाहत असताना चालक अनेकदा तापलेल्या बसमध्येच पडून असतो आणि त्याच रात्री परतीचा प्रवास सुरू होतो. त्याच्या झोपण्याच्या जागेची तरतूद सहलीच्या अंदाजपत्रकात केली, तर मुक्कामाचा खर्च थोडा वाढेल. परंतु पालकांनी आपल्यावर सोपविलेल्या जबाबदारीचा तो एक आवश्यक भाग मानावयास हवा.