उत्तर कोणी मागितलंय?

दुपारचे अडीच. कात्रजच्या एका अभ्यासिकेत पंख्यांची घरघर तेवढी ऐकू येते. खिडकीशी बसलेली मुलगी रफ कागदावर दोन समीकरणं मांडते, एकाला 12 ने गुणते, दुसऱ्यातून वजा करते. य बरोबर 3, क्ष बरोबर 8. उत्तराखाली ठसठशीत दोन रेघा. पर्याय निवडते : ‘दोन्ही विधाने मिळून’. शेजारची सीनिअर कागदात डोकावून कुजबुजते, “अगं, उत्तर कोणी मागितलंय? आणि पर्यायही चुकला.”

उदाहरण साधं होतं. चहा 12 रुपये, वडापाव 17 रुपये. (सतरा रुपयांना वडापाव कुठे मिळतो, हे शाब्दिक उदाहरणात विचारायचं नसतं.) एका टोळक्याने दोन्ही मागवले, तर वडापाव किती? विधान एक : बिल 147 रुपये झालं. विधान दोन : चहा आणि वडापाव मिळून 11 नग होते. प्रश्न वडापावांची संख्या विचारतो असं वाटतं, पण परीक्षेला ती नकोच असते. उत्तर ठरवायला कोणतं विधान पुरेसं आहे, एवढंच सांगायचं.

पुस्तकांत याला ‘माहितीची पर्याप्तता’ म्हणतात, मुलं ‘डीएस’ म्हणतात. व्यवस्थापन अभ्यासक्रमांच्या जीमॅटमध्ये हा प्रकार जुना. तिथे पाच पर्याय असतात. यूपीएससीच्या सीसॅटमध्ये चार : एकच विधान पुरतं, कोणतंही एक पुरतं, दोन्ही मिळून पुरतात, दोन्ही मिळूनही पुरत नाहीत. 2011 साली आलेला हा पेपर 2015 पासून फक्त पात्रतेपुरता उरला, 33 टक्के मिळाले की सुटका. पण ‘फक्त’ म्हणणाऱ्यांची पूर्वपरीक्षा याच पेपरात अडकते. 80 प्रश्न, 120 मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला 90 सेकंद. बरोबर उत्तराला अडीच गुण. चुकलं तर त्यातला एक तृतीयांश कापला जातो.

सदाशिव पेठेतलं भाडं झेपत नाही म्हणून कात्रज-आंबेगावकडे खोली घेतलेल्या या मुलांपैकी बरीचशी मराठी शाळांतून आलेली. उदाहरण अर्धवट सोडलं तर गुण कापले जातात, हे त्यांच्या हाडीमाशी मुरलंय. पक्ष, रीत, उत्तर, ताळा. आता कोणी सांगतं की समीकरण मांड आणि पेन खाली ठेव. हात ऐकत नाही. सीनिअरने त्यावर उपाय काढलाय : पहिलं विधान वाचताना दुसरं तळहाताने झाकायचं, मग दुसरं वाचताना पहिलं. दोन्ही एकदम डोळ्यांसमोर आली की एकाची माहिती नकळत दुसऱ्यात मिसळते.

मुलीची चूक मात्र वेगळी होती. दोन अज्ञात, म्हणून दोन समीकरणं हवीत, हा शाळेतला नियम तिने डोळे मिटून लावला. पण वडापाव अर्धा मिळत नाही आणि उणे तीनही मिळत नाहीत. 147 मधून 17-17 वजा करत जा : 130, 113, 96. तिथे 12 ने पूर्ण भाग जातो. पुढे 79, 62, 45, 28, 11. एकालाही जात नाही. म्हणजे एकट्या पहिल्या विधानाने काम भागतं.

ही गोष्ट आपल्याकडे नवी नाही. भास्कराचार्यांनी 1150 च्या ‘सिद्धांतशिरोमणी’तल्या बीजगणितात अज्ञातांना यावत्-तावत्, कालक, नीलक, पीतक अशी नावं दिली आणि एकाच समीकरणातल्या दोन अज्ञातांच्या पूर्णांकी किमती काढायला कुट्टकाची रीत सविस्तर सांगितली. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात त्यांचे ग्रंथ शिकवणाऱ्या मठाची नोंद आहे. तिथल्या विद्यार्थ्याला हे वडापावाचं कोडं फारसं जड गेलं नसतं.

उलटा सापळाही असतो, आणि तो जास्त बेरकी. आईचं वय किती? विधान एक : आई मुलीपेक्षा 24 वर्षांनी मोठी आहे. विधान दोन : पाच वर्षांनी दोघींच्या वयांची बेरीज मुलीच्या आजच्या वयाच्या दुपटीपेक्षा 34 ने जास्त असेल. दोन समीकरणं हातात आल्यासारखी वाटतात. दुसरं सोडवलं की मात्र पुन्हा तेच निघतं, आई 24 ने मोठी. वेष बदलून आलेला तोच पाहुणा! इथे दोन्ही मिळूनही पुरत नाहीत.

‘क्ष 10 पेक्षा मोठा आहे का?’ अशा प्रश्नांत आणखी एक गंमत. विधानावरून ठाम ‘नाही’ निघालं तरी ते पुरेसंच. नवख्यांना ‘नाही’ म्हणजे अपुरं वाटतं आणि गुण जातात.

साडेतीनला चहाची सुट्टी होते. खालच्या टपरीवर सीनिअर पैसे देता देता नवं उदाहरण टाकते. वाचकांनीही करून पाहावं. भाव तेच, 12 आणि 17. विधान एक : बिल 351 रुपये. विधान दोन : एकूण नग 23. आता कोणता पर्याय? नव्वद सेकंद आहेत, आणि दुसरं विधान आधी हाताने झाका.