दंडावरचा सेन्सर आणि आठ तासांची नोंद

घरातल्या मधुमेही अम्मी-अब्बांनी रोजा ठेवायचा म्हटले की मुलांचा जीव टांगणीला लागतो. हिंगोली जिल्ह्यातल्या एखाद्या खेड्यातून तज्ज्ञ डॉक्टरांसाठी नांदेड गाठावे लागत असेल, तर दंडावर लावायचा साखरेचा सेन्सर मोठा आधार वाटतो. आधार तो आहेच. पण त्याच्या मर्यादा विकत घेण्याआधी माहीत हव्यात.

फ्रीस्टाइल लिब्रेचा पहिला, १४ दिवसांचा सेन्सर पाहा. दहाच्या नाण्याहून थोडी मोठी चकती, आत घड्याळात असतो तसा छोटा सेल. त्वचेखाली सुमारे ५ मिलिमीटर जाणाऱ्या बारीक तारेवरच्या एन्झाइमची साखरेशी क्रिया होते आणि त्यातून निर्माण होणाऱ्या सूक्ष्म विद्युतप्रवाहावरून आकडा ठरतो. सेल चार्ज होत नाही, बदलताही येत नाही. त्यामुळे वीज जपून वापरावी लागते. हा सेन्सर आकडा सतत पाठवत नाही. फोन जवळ नेला की देतो. त्यासाठी फोनमध्ये एनएफसी लागते; अनेक स्वस्त फोनमध्ये ते नसते.

शिवाय नोंद राहते फक्त मागच्या ८ तासांची. रोजा साधारण १३ तासांचा. सहेरीनंतर थेट इफ्तारलाच स्कॅन केले, तर सकाळचे चार-पाच तास कायमचे गेले. म्हणून जोहर आणि असरच्या सुमारास स्कॅन करावेच. या प्रकारात साखर घसरल्याचा गजर वाजत नाही. ब्लूटूथच्या नव्या प्रकारांत वाजतो, पण फोन जवळ आणि चालू हवा.

दोन सेन्सर म्हणजे २८ दिवस. रमजान २९ किंवा ३० दिवसांचा. उरलेल्या दिवसांसाठी ग्लुकोमीटर तयार ठेवा. नवा सेन्सर पहिला तासभर आकडा देत नाही आणि पहिल्या दिवशी थोडा चुकू शकतो. तो इफ्तारनंतर लावावा. मराठवाड्याच्या उन्हात खोका गाडीच्या डिकीत ठेवू नये.

सेन्सर रक्तातली नव्हे, पेशींभोवतीच्या द्रवातली साखर मोजतो. आकडा काही मिनिटे मागे असतो. घाम, थरथर, चक्कर आली तर आकडा बरा दिसला तरी बोटाचे रक्त तपासा. साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा सोडावा, असा डॉक्टरांचा सल्ला असतो. रोजा ठेवायचा की नाही, गोळ्या-इन्सुलिन कसे बदलायचे, हे रमजानच्या महिना-दोन महिने आधीच डॉक्टरांना विचारून घ्या.