अमेरिकन व रशियन पाकपरंपरेतील मेयोनेज : एक तुलनात्मक विवेचन

प्रस्तावना :
तेल व पाणी स्वभावतः एकजीव होत नाहीत. अंड्याच्या बलकातील लेसिथिन तेलाचे सूक्ष्म थेंब व्हिनेगरसारख्या आम्लद्रवात विखुरलेले ठेवते व घट्ट, मुलायम पायस तयार होते. हेच मेयोनेज होय. अमेरिका व रशिया या दोन्ही देशांनी ते फ्रेंच पाकपरंपरेतून स्वीकारले. तथापि त्याचे घटक व स्थान दोन्हीकडे भिन्न झाले.

घटक व मानके :
न्यूयॉर्कमधील खाद्यपदार्थ विक्रेते रिचर्ड हेलमन यांनी इ.स. १९१२ च्या सुमारास बरणीबंद मेयोनेजला व्यापारी रूप दिले. अमेरिकेत आज त्यासाठी प्रामुख्याने सोयाबीन तेल वापरले जाते. संघीय मानकानुसार वनस्पती तेल वजनाने किमान ६५ टक्के असावे लागते; अंड्याचा बलकही आवश्यक असतो. चव सौम्य असते.

सोव्हिएत अन्नखात्याचे मंत्री अनास्तास मिकोयान यांनी इ.स. १९३६ मध्ये अमेरिकेतील अन्नउद्योगाची पाहणी केली. त्याच वर्षी मॉस्कोत ‘प्रोव्हान्साल’ मेयोनेजचे उत्पादन सुरू झाले. सूर्यफूल तेल, मोहरीची पूड, साखर व व्हिनेगर यांमुळे त्यास तिखट-आंबट चव येते. त्यातील मेदाचे प्रमाण ६७ टक्के, म्हणजे अमेरिकन किमान मर्यादेच्या जवळपासच होते. इ.स. २०१२ च्या मानकाने मेयोनेजसाठी किमान ५० टक्के मेद ठरविला. त्याहून कमी, परंतु किमान १५ टक्के मेद असलेल्या उत्पादनास ‘मेयोनेज सॉस’ म्हटले जाते.

उपयोग व सामाजिक स्थान :
अमेरिकेत मेयोनेज मुख्यतः सँडविचच्या पावाला लावले जाते. कोबीच्या किंवा बटाट्याच्या सॅलडमध्येही ते असते. ते रोजच्या जेवणातील दुय्यम घटक आहे. रशियात मात्र ते पदार्थाला आकार देते. बटाटे, गाजर, वाटाणे, अंडी, काकडीचे लोणचे व सॉसेज यांचे ‘ऑलिव्हिए’ सॅलड त्याच्याविना सिद्ध होत नाही. मांसावर त्याचा थर देऊन ते भट्टीत भाजलेही जाते. सोव्हिएत काळातील टंचाईत मेयोनेजची बरणी मिळताच ती नववर्षाच्या मेजवानीसाठी राखून ठेवली जाई. त्यामुळे कारखान्यात तयार झालेली ही वस्तू सणाचे प्रतीक बनली.

निष्कर्ष :
हा भेद केवळ रुचीचा नाही. शेतीतून उपलब्ध होणारे तेल, शासकीय मानके व बाजारातील सुबत्ता किंवा टंचाई यांनी तो घडविला आहे. म्हणूनच रशियन पाककृतीतील ‘मेयोनेज’ या शब्दाच्या जागी अमेरिकन बरणी ठेवल्यास नाव तेच राहते, पदार्थ मात्र बदलतो.