अपघाताचा क्लेम म्हणजे उपकार नव्हे!

ऑक्टोबर 1987. सातारा जिल्ह्यात पुणे-बंगळूर महामार्गावर पहाटे तीनच्या सुमारास ट्रकशी टक्कर होऊन पेट्रोलचा टँकर रस्त्याखाली आडवा झाला. पेट्रोल गळू लागलं, उजाडलं तशी माणसं जमली आणि सव्वासातच्या सुमारास स्फोट झाला. भरपाईचा दावा आल्यावर बचाव असा झाला, की टँकर तर चार तास नुसता पडून होता, तो ‘वापरात’ कुठे होता? 1991 मध्ये सुप्रीम कोर्टाने हा बचाव साफ फेटाळला. गाडी उलटली म्हणून पेट्रोल गळलं आणि गळलं म्हणून भडकलं. गाडी जागची हलत नसली तरी कायद्याच्या नजरेत ती वापरातच! आपल्या साताऱ्यातून गेलेला हा खटला देशभरातल्या वकिलांना माहीत आहे.

खुनालाही अपघाताची भरपाई मिळते? मिळू शकते. नागालँडमधल्या दिमापूरला रिक्षा पळवायला निघालेल्या प्रवाशांनी चालकाचाच जीव घेतला. हेतू रिक्षा चोरण्याचा होता आणि खून त्या ओघात झाला, म्हणून भरपाईपुरता तो अपघातच, असं सुप्रीम कोर्टाने 2000 मध्ये ठरवलं.

जावयाच्या घरी राहणारी, त्याच्यावर अवलंबून असलेली सासू? तीही त्याच्या मृत्यूनंतर भरपाई मागू शकते (सुप्रीम कोर्ट, 2021). बाइकवर ट्रिपल सीट? दंड होईल, पण तेवढ्यावरून भरपाईला कात्री लावता येत नाही. तिघं बसल्यामुळेच अपघात झाला किंवा इजा वाढली, हे दाखवावं लागतं (2020). अर्जात रक्कम कमी लिहिली? मोटार अपघात दावा न्यायाधिकरण मागितल्यापेक्षा जास्तही देऊ शकतं (2002).

आता पैशांचं गणित, कारण गैरसमज सगळ्यात जास्त इथेच. दाखल्यावर ‘60 टक्के अपंगत्व’ लिहिलं म्हणजे कमाईही 60 टक्केच बुडाली, असं कोर्ट धरत नाही. डावा हात गेला तर सरकारी कारकुनाची नोकरी टिकू शकते. ड्रायव्हर किंवा सुताराची रोजीरोटी मात्र जवळजवळ पूर्ण जाते. सुप्रीम कोर्टाच्या 2010 च्या निकालात हेच उदाहरण आहे. समजा, 30 वर्षांचा सुतार महिना 20 हजार कमावतो. स्वतंत्र व्यवसाय, वय चाळिशीच्या आत, म्हणून पुढच्या वाढीचे 40 टक्के धरून झाले 28 हजार. वर्षाचे 3 लाख 36 हजार. या वयाला गुणक, म्हणजे वर्षाच्या कमाईला गुणायचा आकडा, 17. कमाई पूर्ण बुडाल्याचं सिद्ध झालं, तर फक्त या एका बाबीखाली 57 लाख 12 हजार! औषधोपचार आणि वेदनांची भरपाई वेगळी. विमा कंपनीने घाईघाईत पुढे केलेल्या तडजोडीच्या कागदावर सही करण्याआधी हे गणित एकदा मांडून पाहाच.

‘पत्नी काही करत नव्हती, घरीच असायची’ असं अर्जात कधीही लिहू नका. जमशेदपूरच्या 1989 मधल्या आगीच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने 2001 मध्ये गृहिणीच्या कामाचं मोल महिना 3 हजार धरलं. रक्कम तोकडीच होती, पण दार उघडलं. स्वयंपाक, मुलं, आजारपणं, शेतातली मदत या सगळ्याला पैशांत किंमत आहे, हे 2021 मध्ये कोर्टाने आणखी ठासून सांगितलं.

ठोकून पळालेली गाडी सापडलीच नाही, तरी मृत्यूसाठी 2 लाख आणि गंभीर जखमेसाठी 50 हजार मिळतात. अर्ज प्रांत किंवा तहसीलदारांकडे. धडक देणाऱ्याकडे लायसन्स नव्हतं, म्हणून विमा कंपनी हात वर करते? अशा वेळी कंपनीने आधी तुम्हाला पैसे द्यावेत आणि मग मालकाकडून वसूल करावेत, असा आदेश होऊ शकतो. मे 2025 पासून रस्ते अपघातातल्या जखमींवर पहिल्या सात दिवसांत दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचारांची योजनाही आहे.

मुंबईकरांनो, लोकलचा कायदा वेगळा. गर्दीने डब्यातून पडून मृत्यू झाला, तर रेल्वे दावा न्यायाधिकरणातून 8 लाख मिळतात. दावा वर्षाच्या आत करायचा. मृतदेहाजवळ तिकीट सापडलं नाही, एवढ्यावरून दावा फेटाळता येत नाही, हे 2018 च्या निकालाने पक्कं केलं. पास हरवला असेल म्हणून गप्प बसू नका.

रस्ते अपघाताचा दावा तुम्ही राहता त्या भागातल्या न्यायाधिकरणातही चालतो. अपघात कोल्हापूरला झाला म्हणून नांदेडहून खेटे घालायची गरज नाही. कायद्यात मुदत सहा महिन्यांची लिहिली आहे, तेव्हा एफआयआर, पंचनामा, डिस्चार्ज कार्ड आणि औषधांची प्रत्येक पावती पहिल्या दिवसापासून एका फाइलमध्ये ठेवा. वकिलाची फी झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा 15100 वर फोन लावा. महिलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.