कंबर धरली की आडवं व्हायचं?

चाळीसेक वर्षांपूर्वी कंबर धरली की इलाज ठरलेलाच असे. गादी गुंडाळून लाकडी फळीवर निजायचं आणि दोन-तीन आठवडे जागचं हलायचं नाही. त्याआधीचा घरगुती उपाय म्हणजे उसण भरलेल्या जागी पायाळू माणसाचा पाय लावून घेणं. त्यानं गुण यायचा की नाही ते सोडा, पण पायाळूनं कुणाला अंथरुणाला तरी खिळवलं नाही.

1934 साली बॉस्टनच्या मिक्स्टर आणि बार या सर्जनांनी मणक्यांमधली चकती सरकून नस दाबली जाते आणि पायात कळ उतरते, हे दाखवून दिलं. शोध खराच होता. पण पुढे साधी कंबरदुखीही चकतीच्या खात्यावर जमा होऊ लागली, आणि चकती म्हटलं की विश्रांती आलीच.

या समजाला धक्का दिला तो 1986 साली अमेरिकेत, रिचर्ड डेयो आणि सहकाऱ्यांनी. काहींना दोन दिवस झोपायला सांगितलं, काहींना सात. दुखणं दोन्हीकडे सारखंच ओसरलं; दोन दिवसवाल्यांचे कामाचे खाडे मात्र 45 टक्क्यांनी कमी झाले. 1995 साली हेलसिंकीच्या नगरपालिका कर्मचाऱ्यांमध्ये तर सोसेल तेवढी रोजची कामं करत राहिलेले सर्वांत आधी सावरले. फळीचा मान 2003 साली गेला. स्पेनमधल्या प्रयोगात जुनाट कंबरदुखीला कडक गादीपेक्षा मध्यम टणक गादी बरी ठरली.

एमआरआयनं नवी भीती आणली. पिशवीतून फिल्म काढून ट्यूबलाइटसमोर धरायची आणि पाहुण्याला सांगायचं, ‘एल-फोर, एल-फाइव्हला गॅप आहे.’ वास्तविक 1994 सालीच कंबर न दुखणाऱ्या 98 जणांचे एमआरआय काढले होते. त्यांतल्या निम्म्याहून अधिक लोकांची निदान एक चकती फुगलेली होती!

तरी कंबर पुन्हा पुन्हा धरते, त्याचं काय? 2016 सालच्या आढाव्यात नुसत्या पट्ट्याचा उपयोग दिसला नाही. व्यायामाचा, विशेषतः माहितीची जोड असलेल्या व्यायामाचा, दिसला. 2024 साली ऑस्ट्रेलियात नुकत्याच बऱ्या झालेल्या 701 जणांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यातल्या एका गटाला फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्यानं हळूहळू चालणं वाढवायला सांगितलं. सहा महिन्यांत आठवड्यातून पाचदा अर्धा तास, हे लक्ष्य. न चालणाऱ्या गटात दुखणं साधारण 112 दिवसांनी उलटलं, चालणाऱ्यांत 208 दिवसांनी. कायमची सुटका नव्हे, पण एवढ्या स्वस्तात याहून काय मिळणार?

एक मात्र ध्यानात ठेवा. पायातली ताकद जात असेल, जांघेत बधिरपणा आला असेल, लघवी-शौचावरचा ताबा सुटला असेल, तर चालण्याच्या नादी लागू नका. त्याच दिवशी रुग्णालय गाठा.